बैलाची साखळी

(नेकनूर. गोठ्याच्या दारात बीडच्या दवाखान्यातली नर्स सुकन्या आणि तिची आजी चतुराबाई.)

चतुराबाई : ती नको नेऊ. दुसरं काय बी ने.

सुकन्या : अगं, बैलाची जुनी साखळी तर आहे. राधाकिशन डॉक्टरांच्या आठवणीत देखावा करतोय आम्ही. येड्यांचा डॉक्टर म्हणून त्यांना कुणी खोली देईना, तेव्हा गुरांच्या बाजारात बसून पेशंट तपासायचे ते.

चतुराबाई : मला नको सांगू. म्या बघितलंय त्यास्नी.

सुकन्या : मग नेऊ दे की.

चतुराबाई : बैलाच्या साखळीला कुलूप कशाला लागतंय, पोरी?

सुकन्या : म्हणजे?

चतुराबाई : ते कडं बघ. बैलाचा पाय जाईल का त्यात?

सुकन्या : आजी… कुणाला बांधलं होतं?

चतुराबाई : तुझा बाप झाला तवा मला झोपच लागंना. पोराला जवळ घ्यायचं भ्या वाटायचं. हिरीकडं पळायची. समदे म्हनले, बाहेरचं हाय.

सुकन्या : तुला? ह्या गोठ्यात? आणि आबा काय करत होते?

चतुराबाई : किल्ली त्यांच्याच करदोड्याला असायची.

सुकन्या : आबांच्या? मला मांडीवर घेऊन घास भरवायचे, त्या आबांच्या?

चतुराबाई : लई भ्यालते ते बी. बाजारात कुनी डॉक्टरास्नी सांगितलं, तर ते घरी आले. हितंच शेणात मांडी घालून बसले. म्हनले, बाई, तुमचं नाव काय? येडी सोडून कुनी कायच म्हनत नव्हतं मला. गोळ्या दिल्या. आन् कुलूप तुझ्या आबालाच काढाय लावलं.

सुकन्या : बाळंतपणानंतरचा आजार होता तो. मी रोज बायांना सांगते, लपवू नका म्हणून. आणि माझ्याच घरात…

चतुराबाई : म्हनून तर म्हनते, ठिव ती. परवा कडा गावची तुझ्या होनाऱ्या सासरची मान्सं येनार तुझ्या कार्यक्रमाला. सोयरीक मोडंल.

सुकन्या : मोडू दे. ज्यांना तुझी लाज वाटेल त्यांच्या घरी मला नांदायचं नाही. पण तू नको म्हणालीस तर नाही नेणार.

चतुराबाई : साखळीला लावायच्या चिठ्ठीवर काय लिवलंस?

सुकन्या : 'बैलाची साखळी.'

चतुराबाई : खोड ते.

सुकन्या : मग काय लिहू?

चतुराबाई : डॉक्टरानं इचारलं हुतं ते. चतुराबाई.