कमरेतलं कापड

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिली होती. नणंदेला राहवेना.

"इतका वाळला तो, आणि तुझ्या लक्षात नाही आलं?"

"आलं ना, ताई. पँट ढिली होते म्हणाले, मी कमरेत घेतली. परत ढिली झाली, परत घेतली. वर चिडवलं, या वयात नवरदेव व्हायचंय का म्हणून."

"आणि जेवण?"

"दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे. मला वाटलं, चला, एकदाचं तोंड आवरलं."

"माझा भाऊ, आणि भरल्या ताटावरून उठतो! लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचा गं."

"आता माझं अख्खं ताट पळवू देत, मी हूं की चूं करणार नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"आधी अंगावर मांस चढू दे, मग ऑपरेशन. दूध, अंडी, डाळ, थोडं थोडं सारखं द्या म्हणाले."

"चढेल गं."

"पँटचं कापड मी कापलेलं नाही, ताई. सगळं आत दुमडून ठेवलंय. नुसतं उसवायचंय."