सर्व्हरला घातलेला हार

मला दसऱ्याच्या शुभेच्छा देऊ नका रे, डोकं फिरतं. आमच्या शांती नगरच्या लॅबमध्ये पेशंटचे सगळे रिपोर्ट एकाच डिस्कवर असतात. डिस्क एक, सर्व्हर दोन. एक मेला की दुसऱ्याने डिस्क ताब्यात घ्यायची. एकमेकांची खबर ठेवायला दोघांमध्ये एक वायर आहे. दोघांनी एकदम लिहू नये म्हणून डिस्क घेण्याआधी समोरच्याची वीज तोडायची सोयही असते, पण ती मी टेस्टिंगला बंद केली होती आणि परत चालू करायला विसरलो.

खंडेनवमीला रिसेप्शनच्या मारिया मॅडम हौसेने उत्तनहून झेंडूचा जाड हार घेऊन आल्या.

“मॅडम, त्या वायरला हात नका लावू.”

“हात कुठे लावला? नुसता हार अडकवलाय.”

हाराच्या वजनाने वायर निसटली. दोन्ही सर्व्हरना वाटलं, दुसरा गेला. दोघंही त्याच डिस्कवर लिहीत सुटले, एकमेकांचं खोडत. दुपारपर्यंत रिपोर्टांचा पार चिवडा झाला होता.

लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला. “दोन-दोन सर्व्हर घेतले ना? मग मेला कोण?”

“कोणीच नाही, सर. एक जरी खरंच मेला असता ना, तर रिपोर्ट वाचले असते.”