पोटातले पाय

सिनेमा सुटल्यावर पार्किंगच्या रांगेत माझ्यापुढे पिकल्या केसांचे बहीणभाऊ उभे होते.

“दादा, गोगलगाय कुठे गेली रे? नाझी त्या ज्यूंना उंदीर म्हणायचे, तर या सिनेमावाल्या शहाण्यांनी ते लपलेल्या माळ्यावर खरेच उंदीर सोडले!”

“अगं, पडद्यावर गोगलगाय काय करणार?”

“पुस्तकात आहे ना! आई लपलेल्या पोरांना सांगते, ‘आपण गोगलगायी. घर पाठीवर, आवाज नाही.’ आणि मग, ‘गोगलगाय नि पोटात पाय!’”

“ते शेवटचं बाबांचं. आपल्याला वाचून दाखवताना घुसडायचे.”

“काहीतरीच! आणि सिनेमात तर सगळ्यांना पकडलंच.”

“पुस्तकातही पकडतात, चिमे. खरी हकिगत आहे ती.”

“बाबांनी तर वाचलं होतं, पोटातले पाय काढले आणि पळाली सगळी.”

“शेवटचं पान त्यांनी वाचलंच नाही. मी नंतर गुपचूप वाचलं.”

“आणि इतकी वर्षं मला बोलला नाहीस?”

“कसा बोलणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तू कुंडीपाशी बसून गोगलगाय उलटी करून तिचे पाय शोधत होतीस.”