निकाल अजून डब्यात आहे

सन्माननीय अध्यक्ष निवृत्तीराव, आजचे सत्कारमूर्ती भुजंगराव, त्यांच्या शेजारी बसलेल्या भवानीबाई, मंडळाचे सचिव निशांत आणि सभागृहात जमलेल्या म्हैसूरच्या मराठी मंडळींनो, नमस्कार.

आधी एक विनंती. ज्यांच्या हातात फोन आहे त्यांनी तो पालथा ठेवावा. उघडू नये.

आता चार वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली आहेत. आशियाई स्पर्धांमधली महिलांची चार बाय चारशे मीटर रिलेची अंतिम शर्यत चार वीसला सुरू झाली आणि साडेतीन मिनिटांत संपली. निकाल भुजंगरावांना माहीत नाही. मलाही नाही. मागच्या खोलीत शर्यत रेकॉर्ड झाली आहे.

खरं तर ती थेट बघायची होती. भुजंगरावांचा निरोप समारंभ तीन ते चार, मग शर्यत, असं मी लेखी दिलं होतं. निशांत म्हणाले, "देवश्री, वीस मिनिटांनी काय बिघडतं? रेकॉर्डिंग आहे की!" अध्यक्षांचं भाषण बावन्न मिनिटं झालं. चांगलं झालं. पण बावन्न मिनिटं झालं.

नवीन सभासदांसाठी सांगते. मंडी मोहल्ल्यात भुजंगरावांचं शिवणकामाचं दुकान होतं. मंडळात कुठलीही मोठी स्पर्धा बघायची असली की ते दुकानातला बटणांचा पत्र्याचा डबा घेऊन यायचे. प्रत्येकाने दारातच फोन द्यायचा. एकसारखी दोन बटणं निघायची. एक दोऱ्याने फोनला बांधलं जायचं, दुसरं तुमच्या हातात. शर्यत संपली की बटण दाखवा, फोन न्या. का? कारण इंटरनेटवरचं प्रक्षेपण मैदानाच्या मागे असतं. मी मोजलं आहे, नव्वद सेकंद. तेवढ्यात कुणाचा तरी मेहुणा "जिंकलो" म्हणून कळवतो.

आणि रिलेच का? तरुणपणी भुजंगराव दसरा क्रीडा स्पर्धांमध्ये रिले धावायचे. कायम तिसऱ्या टप्प्यावर. मी एकदा विचारलं, तिसरेच का? म्हणाले, "पहिल्याला बंदूक असते, चौथ्याला फीत असते. तिसऱ्याला कोण बघतंय, अम्मा?" भवानीबाई पलीकडून म्हणाल्या, "मी बघत होते की! तेव्हा लग्न नव्हतं झालेलं, म्हणून नीट बघत होते."

टीव्हीवाले मात्र खरंच बघत नाहीत. सहा वर्षं मी या खुर्च्यांवर बसून हे पाहते आहे. तिसरी धावपटू वळणावर आली की चित्र लहान होतं आणि भोवती घराच्या रंगाची जाहिरात येते. किंवा स्टुडिओतले चौघं हसायला लागतात. एकदा तर बरोबर तिसऱ्या टप्प्यात आधीच संपलेल्या भालाफेकीचा रिप्ले दाखवला. संपलेली गोष्ट! समोर माणसं धावत असताना! इतके कॅमेरे असतात, आणि एका हातातून दुसऱ्या हातात बॅटन जातानाचा एक क्षण दाखवता येत नाही?

पण वाहिनीला बोलण्याआधी मला माझं सांगायला हवं. गेल्या खेपेला रिलेच्या फायनलमध्ये आपला संघ होता. तिसरा टप्पा पूर्ण दिसत होता. सगळ्यांचे फोन डब्यात होते. माझा लॅपटॉप पडद्याला जोडलेला होता, आणि त्यावरच्या बातम्यांच्या सूचना बंद करायला मी विसरले होते. हे माझं काम होतं. माझा व्यवसायच प्रक्षेपणाच्या सिग्नलचा आहे. बॅटन बदलायच्या आधी, पडद्याच्या कोपऱ्यात, तीन शब्द आले: भारत चौथ्या स्थानी.

सभागृहात कुणीतरी "छे!" म्हणालं. भुजंगराव उभे होते, ते बसले. मला एवढंच म्हणाले, "बिडम्मा." कन्नडमध्ये, सोड. "चहा घेऊया." उरलेली शर्यत त्यांनी पडद्याकडे तोंड करून काढली. बघितली नाही. त्यांनी मला रागावायला हवं होतं. ते अजून रागावलेले नाहीत, आणि मला त्याचा त्रास होतो.

परवा ते मुलाकडे बडोद्याला राहायला जात आहेत. मुलाला खेळांत रस नाही, हे त्यांनीच हसत सांगितलं. म्हणजे पाठीमागे शंभर माणसं श्वास रोखून बसली आहेत आणि निकाल कुणालाच माहीत नाही, अशी शर्यत त्यांच्यासाठी बहुधा आजचीच.

म्हणून डबा आणला आहे. तो दारातून फिरत पुढे येईल. या वेळी लॅपटॉप नाही, सेट-टॉप बॉक्स थेट पडद्याला जोडला आहे. दोनदा तपासलं. वाहिनीने तिसऱ्या टप्प्यावर पुन्हा रंग विकला असेल, तर ते मला दुरुस्त करता येणार नाही. गेल्या वीस मिनिटांत ज्यांनी निकाल पाहिला असेल, त्यांनी कृपा करून स्वयंपाकघरात जाऊन चहाचं बघावं. निशांत, तुम्ही मघापासून छताकडे बघताय. तुम्हीही जा. साखर कमी घाला.

शेजारून भुजंगराव म्हणताहेत, "बेग मुगिसम्मा." लवकर संपव. संपवते. मंडळाचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. अध्यक्षांना काही लागलं असेल तर क्षमस्व. गेल्या खेपेच्या चुकीची माफी मी कधी मागितली नव्हती, भुजंगराव. ती आज मागते.

पहिला फोन माझा. हे त्याचं बटण, निळं, चार भोकांचं. जोडीचं दुसरं माझ्या हातात न देता, भुजंगराव, तुमच्याकडेच राहू द्या. ते बटण परत मागणार नाही.

दिवे बंद करा.