उतारावरची रेघ

मास्तरीण: अहो, ते मशीन थांबवा जरा. माझी किल्ली कुठं ठेवलीत?

शिंपी: कसली किल्ली?

मास्तरीण: कसली म्हणून काय विचारताय? मोटारसायकलची. बटणांच्या डब्यात बघितलं, साखरेत हात घातला, गाद्या उलट्या केल्या. सगळं घर पालथं घातलं मी.

शिंपी: तरीच. काळी बटणं तपकिरी बटणांत कशी गेली याचा मी सकाळपासून विचार करतोय. सापडेल गं. घराबाहेर गेलेली नाही.

मास्तरीण: प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, मनगटाचं हाड छान जुळलंय. आणखी काय हवंय तुम्हाला?

शिंपी: डॉक्टर पुढंही काहीतरी म्हणाले. गाडीवर कधी बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, असं.

मास्तरीण: मग ठरवलं ना मी. सोमवारी गाडी शिकायला मुलींची नवी तुकडी मैदानावर येतेय. माझ्या जागी माझीच जुनी विद्यार्थिनी शिकवतेय, आणि चांगली शिकवते, नाही म्हणत नाही मी. पण काल भेटली तर म्हणाली, बाई, तुम्ही आता आरामच करा. त्यातला 'आता' कळला मला. आणखी थोडे दिवस मी गाडीवर दिसले नाही की सगळे मिळून मला निवृत्त करून मोकळे होतील.

शिंपी: तुला निवृत्त करायला कुणाची छाती आहे? बरं, काल बरणीचं झाकण कुणाकडून उघडून घेतलंस?

मास्तरीण: झाकणाचा इथं काय संबंध?

शिंपी: हात तोच आहे, म्हणून आपलं विचारलं. पुढचा ब्रेक उजव्याच हातात असतो ना? मला गाडीतलं काही कळत नाही. पण तुझा पहिला धडा आपल्या दारातल्या उतारावर असतो आणि माझी खिडकी तिथंच उघडते. 'गाडी चालवता येते हे मला सांगू नका, थांबवता येते का ते दाखवा.' प्रत्येक पोरीवर ओरडतेस.

मास्तरीण: ओरडत नाही. मोठ्यानं सांगते.

शिंपी: तेच ते.

मास्तरीण: तुम्ही तुमच्या बहिणीचं ऐकायला लागलात. परवा मला म्हणते कशी, वहिनी, विकून टाका ती गाडी, तिनंच घात केला. गाडीनं? हिच्या घरी पडदा लावताना हिच्याच स्टुलावरून पडले मी. इतक्या वर्षांत गाडीवर कधी खरचटलं नाही मला. पण भेटायला येणारा जो तो मान हलवतो आणि म्हणतो, मोटारसायकल म्हटल्यावर हे कधीतरी व्हायचंच.

शिंपी: मी सांगतो की सगळ्यांना, स्टुलावरून पडली म्हणून. शेजारचे हसले. म्हणाले, घरच्या माणसाला असं सांगावंच लागतं.

मास्तरीण: आणि पडदा शिवला होता कुणी?

शिंपी: पडद्याचं माप बरोबर होतं. स्टुलाचं मी घेतलं नव्हतं.

मास्तरीण: हसू नका. खाली चला माझ्याबरोबर. उताराची परीक्षा घ्या माझी. मुलींची घेते तशी, तसूभरही सूट नको. त्याला किल्ली लागत नाही, इंजिन बंदच असतं. पास झाले तर मुकाट्यानं किल्ली द्यायची.

शिंपी: आणि नापास झालीस तर?

मास्तरीण: मी? चला.

शिंपी: थांब, खडू घेतो. हं. झाली बघ उतारावर रेघ, गाडीचं पुढचं चाक जिथं टेकलंय तिथंच मारलीये. आता?

मास्तरीण: आधी बाजूला व्हा. चाकासमोर कधी उभं राहायचं नाही. आता मी नुसता पुढचा ब्रेक दाबून धरणार. तुम्ही गाडीभोवती चकरा मारायच्या आणि मला काहीबाही विचारत राहायचं. रस्त्यावर माणसाचं डोकं कधी जागेवर असतं का? डोकं भटकलं तरी हातानं आपलं काम सोडता कामा नये. तुम्ही बास म्हणेपर्यंत चाक हललं नाही, तर पास.

शिंपी: आज मी कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय?

मास्तरीण: निळा. कोपरावर उसवलाय. शिंप्याच्या अंगावर उसवलेला शर्ट, काय म्हणावं.

शिंपी: माझ्या बहिणीच्या पडद्यावर फुलं होती की पानं?

मास्तरीण: पानं. पडताना जवळून बघितलीत मी.

शिंपी: मी किल्ली का लपवली, सांग.

मास्तरीण: काळजी वाटते म्हणून. दुसरं काय?

शिंपी: अर्धं बरोबर.

मास्तरीण: आणि अर्धं?

शिंपी: तू सकाळी गाडी काढलीस की संध्याकाळपर्यंत मी आणि मशीन. इतकी वर्षं तेच, त्यात वाईट काहीच नव्हतं. पण हात मोडल्यापासून तू दुपारची दुकानात बाकावर येऊन बसतेस, गिऱ्हाईक गेलं की त्याची नक्कल करतेस. माझी शिवण तिरकी जाते, उसवून पुन्हा घालावी लागते. पण बरं वाटतं गं. मला सवय लागली.

मास्तरीण: हे आत्ता सांगताय? मी ब्रेक धरून बसलेय तेव्हा?

शिंपी: तूच म्हणालीस, काहीबाही विचार. बास. सोड आता.

मास्तरीण: चाक बघा.

शिंपी: बघितलं. नाही हललं. पास.

मास्तरीण: नीट वाकून बघा.

शिंपी: वाकूनच बघतोय. जागच्या जागी आहे.

मास्तरीण: अहो, रेघ चाकाच्या मागं दिसतेय मला इथून. चांगली चार बोटं मागं.

शिंपी: मारतानाच थोडी मागं मारली असेल.

मास्तरीण: तुम्ही? आणि मापात चुकाल?

शिंपी: होतं कधीतरी.

मास्तरीण: किल्ली लपवणारा माणूस माझ्या बाजूनं खोटं बोलतोय. का हो?

शिंपी: तुझा चेहरा बघितला. तुला नापास झालेलं कधी बघितलं नव्हतं मी. बघवेना.

मास्तरीण: पकड सुटत होती. तुम्ही शर्टाचं विचारलंत तेव्हापासूनच. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. एखाद्या मुलीनं असं लपवलं असतं तर मैदान डोक्यावर घेतलं असतं मी.

शिंपी: मग सोमवारचं काय करायचं?

मास्तरीण: जाईन की, पायी. शिकवायला तोंड लागतं, ते शाबूत आहे. गाडी राहू दे. फिजिओथेरपीवाली ओलं फडकं पिळायला सांगते रोज, तेही मी दोनदा पिळून सोडून देते. आता नीट पिळते. ही रेघ पुसू नका.

शिंपी: पुसली गेली तर पुन्हा मारीन. खडू काय, खंडीभर आहे.

(बरेच दिवस गेलेत. तोच उतार, सकाळची वेळ. खडूची नवी रेघ.)

शिंपी: बास.

मास्तरीण: इतक्यात? आणखी विचारा.

शिंपी: विचारण्यासारखं काही उरलंच नाही. आपल्या लग्नात कोण कोण रुसलं, तेही सांगून झालं तुझं. सोड ब्रेक.

मास्तरीण: आधी चाक.

शिंपी: रेघेवर आहे. बरोबर मध्यावर.

मास्तरीण: खरं सांगा.

शिंपी: आज तूच उतरून वाकून बघ. मी लांब उभा राहतो.

मास्तरीण: हललं नाही हो.

शिंपी: आजचं झाकणही तुझं तूच उघडलंस. मी स्वयंपाकघरात येऊन तसाच परत गेलो.

मास्तरीण: मग आणा किल्ली. शब्द दिलाय तुम्ही.

शिंपी: अशी बोडक्या डोक्यानं निघणार? आधी हेल्मेट घाल. ते काय, कट्ट्यावर आणून ठेवलंय.

मास्तरीण: घालते. अरे, हे काय वाजलं आत? अहो. ही इथं होती?

शिंपी: पहिल्या दिवसापासून.

मास्तरीण: मी साखरेत हात घातला, गाद्या उलट्या केल्या, आणि हे दाराजवळच्या खुंटीवर समोर टांगलेलं.

शिंपी: तेच म्हणतोय मी. म्हटलं, जिला खरंच निघायचंय ती आधी हेल्मेट उचलेल. त्या दिवशी किल्ली हातात पडेल, मग मी मध्ये येणार नाही. रोज वाट बघत होतो. तू त्याच्याखालून जायचीस, आणि मान दुसरीकडे.

मास्तरीण: भीती वाटत होती. आता कशाला लपवू? गाडीवरून पडले असते तर काय चुकलं ते कळलं असतं, पुढच्या वेळी सुधारलं असतं. उभ्या उभ्या स्टुलावरून पडले. तेव्हापासून माझा माझ्यावरच भरवसा राहिला नव्हता. आणि जगभर तुमच्या नावानं ओरडत होते, किल्ली लपवली म्हणून.

शिंपी: ओरडत नव्हतीस. मोठ्यानं सांगत होतीस.

मास्तरीण: आता? अजून वाटतेय का काळजी?

शिंपी: वाटते. पण हात घट्ट आहे, आणि हेल्मेट तू स्वतः उचललंस. मी सांगितल्यावर, पण उचललंस.

मास्तरीण: मैदानापर्यंत जाऊन येते. आजच्या दिवस तेवढंच. आणि हे काय, मुलींचं हेल्मेट तुमच्या डोक्यावर कसं?

शिंपी: घट्ट होतंय जरा. मागं बसतोय मी.

मास्तरीण: तुम्ही? लग्न झाल्यापासून एकदा बसला नाहीत. पोट ढवळतं म्हणायचात.

शिंपी: ढवळू दे. दुकानाला कुलूप लावून आलोय. वाटेत तू गप्पा मारशील ना?

मास्तरीण: हेल्मेट घातल्यावर काही ऐकू येणार नाही हो तुम्हाला.

शिंपी: मग थांबत थांबत जाऊ.