दाण्याची पाखरं, अळीची पाखरं

माझं माहेर पूर्णेचं, रुळाच्या कडेला घर, शाळा चौथीपर्यंत. तिथं मालगाडी कोणती आन् प्याशिंजर कोणती ते न बघता आवाजावरून कळायचं, पण ज्वारीचं रान मी लग्न होऊन सोनपेठकडं आले तवाच जवळून बघितलं. आन् मी लय लाजरी. काय सांगू तुम्हाला, पाणी मागायलाबी तोंड उघडायची न्हाई. सासूला आमी आत्याबाई म्हणतो, त्या शेजारणीला म्हणायच्या, पोरानं मुकी बायको आणली.

ज्वारी हुरड्यात आली तसं मला राखणीच्या माळ्यावर बसवलं. राखण म्हणजे गोफण फिरवायची आन् हाऽ हो करून ओरडायचं. गोफण जमली, ओरडणं काही जमेना, मग नुसती बघत बसायची. आधी सगळी पाखरं चिमण्याच वाटायची, सगळी तपकिरी. हळूहळू कळलं, जाड चोचीची येतात ती थव्यानं, कलकल करत, चिमण्या आन् सुगरणी. त्या बसल्या की खालच्या पानावर फोलपटं पडतात. एक मात्र एकटंच यायचं, चोच सुईवानी, लांब शेपूट उभी करून टिर्र टिर्र करायचं, ते वटवट्या. त्याच्या खाली फोलपट न्हाई. कणसात चोच घालतंय, पण काढतंय अळी. त्याला मी हाकलायची न्हाई.

एक दिवस आत्याबाई भाकर घेऊन आल्या. बघतात तर समोरच्या कणसावर पाखरू आन् गोफण माझ्या मांडीवर. लय तापल्या. म्हणल्या, उद्या तुझ्या बापाला निरोप धाडते, घेऊन जा म्हणावं, हिला तोंड न्हाई आन् हातबी न्हाई. गोफण ओढून घेतली, दगड लावला, तवा मी ओरडले, आख्ख्या रानाला ऐकू गेलं आसंल.

"मारू नका आत्याबाई, ते अळी खातंय."

गोफण तशीच खाली आली. म्हणल्या, बोलती व्हय गं तू. मी त्यांना त्या कणसाखालचं पान दाखवलं, मग चिमण्या बसून गेल्या व्हत्या तिथलं. आत्याबाईंनी दोन्ही पानांवरून हात फिरवला, फोलपटं चिमण्यांच्याच पानावर, आन् भाकरीचं फडकं सोडलं. निरोप काही गेला न्हाई.

आता रानात सोयाबीन आन् कापूस, ज्वारी घरापुरती. आत्याबाई म्हाताऱ्या झाल्या, डोळ्यांनी दिसत न्हाई. बांधावर बाज टाकून बसतात, पाखरू बोललं की विचारतात, कोणतं गं, शेपूट कशी, काय करायलंय. चारचौघांत मला अजून बोलवत न्हाई, पण त्यांच्यापाशी दिवसभर तोंड चालू. परवा सुगरणींचा थवा उतरला, मी सांगायच्या आधी त्याच म्हणल्या, दाण्याची पाखरं आली, मुके, ओरड की.

मी ओरडले.