हात धुण्याचा व्हिडिओ

बेलापूरच्या स्टॉपवर निकिता श्रीरामपूरच्या बसची वाट बघत होती. मागच्या बाकावरचं बोलणं तिच्या कानावर येत होतं.

“रविराज, दवाखान्यातलं कॉम्प्युटरचं तूच बघतो ना? माज्या पोरीचा, ग्लोरियाचा हात धुवायचा व्हिडिओ तिच्या मोबाईलात कालपर्यंत दिसत हुता. आज ‘परवानगी नाही’ म्हनतंय.”

“मार्थामावशी, ग्लोरिया सिस्टर वारून महिना झाला. यादीतनं त्यांचं नाव काल मीच काढलं.”

“का रं?”

“नियमच हाय. दवाखान्याचं ॲप फक्त कामावरच्या मानसांना उघडतं.”

“मग तेवढा व्हिडिओ काढून दे मला.”

“बाहेर काढता येत न्हाई. तेबी बंद केलंय.”

“तिचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई रं. ‘बोटांच्या बेचक्या घासायला विसरू नका’ म्हनती. मी रोज तिच्यासंगं हात धुती.”

“मावशी, माज्या हातात न्हाई.”

“कामावरच्या सगळ्यांना दिसतो?”

“व्हय. डॉक्टरपासून झाडूवालीपर्यंत.”

बस आली, थांबली आणि गेली. निकिता चढलीच नाही.

“मग झाडायला बाई लागती का रं तुमाला?”